हिट सापडतो, पण फेरतपासणीत टिकत नाही

निर्देशित उत्क्रांती, म्हणजे जीनमध्ये यादृच्छिक बदल करून त्यांतून चांगलं एन्झाइम निवडणं, करणाऱ्यांची तक्रार दर वेळी जवळपास सारखीच असते. एरर-प्रोन पीसीआर (जीनच्या प्रती मुद्दाम चुका होऊ देत काढणं) करून लायब्ररी, म्हणजे बदललेल्या जीनचा संच, बनवली, ई. कोलाय या जिवाणूत घातली, ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेट भरल्या, सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) टाकला, रंग मोजला. दोन-चार क्लोन (एकेका पेशीपासून वाढलेल्या वसाहती) पेरेंटच्या, म्हणजे मूळ न बदललेल्या एन्झाइमच्या, दीडपट दिसले, एखादा चक्क दुप्पट. असा क्लोन म्हणजे 'हिट'. आनंदीआनंद झाला. मग तोच क्लोन ग्लिसरॉल स्टॉकमधून (गोठवून साठवलेल्या पेशींतून) पुन्हा वाढवला, तीन-चार वेलमध्ये लावला, आणि आकडा पेरेंटच्या रांगेत येऊन बसला. पुढे दुसरी लायब्ररी, मग मँगनीज (त्याने पीसीआरमधल्या चुका वाढतात) वाढवून तिसरी, आणि शेवट तोच.

मी बडोद्यात एन्झाइमवर काम करते आणि इथली मराठी मुलं-मुली हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येत असतात. "ताई, हिट गेला," एवढंच म्हणतात, आणि पाठोपाठ "लायब्ररी परत करू का?" असं विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: लायब्ररीला अजून हात लावू नका. हिट टिकत नाही तेव्हा दोष बहुतेक वेळा मोजमापात असतो, क्वचित पेशीत, आणि त्याहून क्वचित लायब्ररीत. म्हणून शोधही त्याच क्रमाने घ्यायचा.

निर्देशित उत्क्रांती हे सिंथेटिक बायोलॉजीतलं फार मोलाचं हत्यार आहे, कारण दुसऱ्या जिवातून आणलेलं एन्झाइम आपल्या नव्या मार्गिकेत क्वचितच नीट चालतं आणि नेमका कुठला बदल केला तर चालेल हे आजही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून जीनमध्ये यादृच्छिक बदल करायचे आणि चांगले निघतील ते निवडायचे. फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी १९९३ मध्ये सबटिलिसिन ई हे प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) फेऱ्या-फेऱ्यांनी बदलत नेलं आणि ६० टक्के डायमिथाइलफॉर्मामाइड या सॉल्व्हंटमध्ये ते मूळ एन्झाइमच्या २५६ पट चाललं. १९९४ मध्ये विलेम स्टेमर यांनी डीएनए शफलिंग करून (जीनचे तुकडे करून ते पुन्हा जुळवून) बीटा-लॅक्टमेज या अँटिबायोटिक तोडणाऱ्या एन्झाइमची सेफोटॅक्सिम या अँटिबायोटिकविरुद्धची ताकद ३२,००० पट वाढवली. २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग अर्नोल्ड यांना याच कामासाठी मिळाला, उरलेला अर्धा जॉर्ज स्मिथ आणि ग्रेगरी विंटर यांना फाज डिस्प्लेसाठी (विषाणूच्या पृष्ठभागावर प्रथिनं मांडून निवडण्याच्या पद्धतीसाठी). या कथा सांगताना आपण म्युटेशनवर भर देतो. मला त्यातली चाचणी जास्त महत्त्वाची वाटते. अर्नोल्ड यांच्या गटाने केसीन हे दुधातलं प्रथिन घातलेल्या आगर प्लेटमध्येच तो सॉल्व्हंट मिसळला होता. म्हणजे ज्या परिस्थितीत एन्झाइम हवं होतं, तीच परिस्थिती निवडीच्या क्षणी हजर होती.

आधी एक प्लेट नुसत्या पेरेंटची

हे काम सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं आणि म्हणूनच ते टाळलं जातं. पेरेंटच्या एकाच वसाहतीतून ९६ च्या ९६ वेल भरा. लायब्ररीसाठी जे करणार तेच सगळं करा: तीच वाढ, तेवढाच आयपीटीजी (जीन चालू करणारं रसायन), तसंच लायसिस (पेशी फोडणं), तोच सबस्ट्रेट. जीन सगळीकडे एकच आहे, तेव्हा आकड्यांत जो फरक दिसेल तो सगळा तुमच्या पद्धतीचा. सरासरी काढा, प्रमाण विचलन काढा, त्यांचं गुणोत्तर टक्क्यांत मांडा. लॅबमध्ये याला सरळ सीव्ही म्हणतात.

सीव्ही १० टक्के असेल तर सरासरीच्या वर तीन प्रमाण विचलनं म्हणजे १.३ पट. त्याच्या वरचा क्लोन बघण्यासारखा. सीव्ही २५ टक्के असेल तर तीच रेषा १.७५ पटीवर जाते. पहिल्या फेरीत एका म्युटेशनने मिळणारी खरी सुधारणा बऱ्याचदा दीडपटीच्या आसपासच असते. म्हणजे खरा हिट रेषेखाली राहिला आणि वर जे दिसलं तो नशिबाचा खेळ.

हिशेब करून बघा. २० प्लेट, प्रत्येकीत ८८ म्युटंट आणि ८ पेरेंट, म्हणजे १,७६० क्लोन. समजा त्यांतला एकही खरोखर सुधारलेला नाही आणि सगळे पेरेंटसारखेच चालतात. तरीही तीन विचलनांच्या वर दोन-तीन क्लोन जातीलच. रेषा दोन विचलनांवर ठेवली, तर सुमारे ४० क्लोन 'हिट' ठरतील. हे क्लोन निवडले गेले ते त्या दिवशी त्यांच्या वेलमध्ये आकडा वर गेला म्हणून. दुसऱ्या दिवशी तो आकडा वर जायला काही कारण उरत नाही. खरा हिटसुद्धा फेरतपासणीत थोडा खाली येतो, कारण पहिल्या दिवशी त्यालाही थोडी साथ मिळालेली असते. १.८ पट दिसलेला १.४ वर आला तर निराश होऊ नका, तो टिकला.

मे महिन्यातली प्लेट

पेरेंटच्या प्लेटचे आकडे नुसते तक्त्यात ठेवू नका. स्प्रेडशीटमध्ये ८ ओळी आणि १२ रकाने तसेच मांडून त्यांना रंग द्या, कमी आकडा फिकट, जास्त आकडा गडद. नकाशा एकसारखा ठिपक्याठिपक्यांचा दिसला तर तो साधा गोंगाट. पण चित्रात आकार दिसला, तर प्रत्येक आकारामागे कारण असतं.

कडेची चौकट गडद असेल तर बाष्पीभवन. बाहेरच्या ३६ वेलमधलं पाणी आतल्यांपेक्षा लवकर उडतं, द्रव आटतो, एन्झाइम आणि रंग दोन्ही दाट होतात. बडोद्याच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी असते आणि एसी दुपारी हात टेकतो. तेव्हा हे हमखास होतं. जुलैत ओलावा वाढला की तीच पद्धत आपोआप सुधारल्यासारखी वाटते आणि मुलं म्हणतात, आता हात बसला. हवा बदललेली असते. प्लेटवर हवा जाऊ देणारं सील लावा, प्लेट झाकणाच्या डब्यात ओल्या टिश्यूबरोबर ठेवा, आणि शक्य असेल तर बाहेरच्या चौकटीत म्युटंट ठेवूच नका. पेरेंट मात्र कडेलाही ठेवा आणि मध्येही. पेरेंटच्या आठही वेल बाराव्या रकान्यात एकाखाली एक ठेवायची सवय सगळीकडे आहे आणि मला ती अगदी चुकीची वाटते. सगळी तुलना कडेच्या एका पट्टीशी होऊन बसते.

वरून खाली रंग उतरत गेला असेल तर वेळेचा फरक. मल्टिचॅनल पिपेटने ए ओळीत सबस्ट्रेट टाकल्यापासून एच ओळीपर्यंत पोचायला मिनिट-दीड मिनिट लागतं. प्रतिक्रिया दहा मिनिटांची असेल तर ए ओळीला दहा-पंधरा टक्के जादा वेळ मिळाला. यावर शेवटचा एकच आकडा न घेता दर तीस सेकंदांनी वाचन घेऊन चढ (रंग वाढण्याचा वेग) काढणं हा उपाय. चढ काढला की आणखी एक घोळ मिटतो: पेरेंटचाच रंग मोजणीच्या वेळेला कमाल मर्यादेला टेकला असेल किंवा सबस्ट्रेट संपत आला असेल, तर तिप्पट चांगलं एन्झाइमही जेमतेम सव्वापट दिसतं.

पिवळ्या रंगाचा पीएच

इथे जरा थांबते, कारण लायपेज आणि एस्टरेज या, चरबी आणि एस्टर तोडणाऱ्या, एन्झाइमवर काम करणारे जवळपास सगळे पॅरा-नायट्रोफेनॉलचे एस्टर वापरतात आणि या एका गोष्टीने मी अनेकांचे महिने वाया जाताना पाहिले आहेत.

एस्टर तुटला की पॅरा-नायट्रोफेनॉल सुटतं आणि ४०५ नॅनोमीटरला पिवळा रंग दिसतो. पण पिवळं असतं ते त्याचं आयन रूप. या रेणूचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आयन रूपात असतात तो आकडा) ७.१५ च्या आसपास आहे. पीएच ७.० ला सुटलेल्या रेणूंपैकी फक्त ४१ टक्के पिवळे असतात, ७.४ ला ६४ टक्के, ८.० ला ८८ टक्के. म्हणजे ज्या पट्ट्यात आपण आवडीने काम करतो तिथेच पीएचच्या दशांशाबरोबर रंग पळतो. एन्झाइमने केलेलं काम तेवढंच, आकडा वेगळा.

आता वेलमधल्या पेशींचा विचार करा. साध्या एलबी या पोषक माध्यमात ई. कोलाय अमिनो आम्लं खाऊन माध्यम हळूहळू अल्कधर्मी करतो, ग्लुकोज असेल तर आम्लधर्मी. जो क्लोन जास्त वाढला त्याच्या वेलचा पीएच वेगळा. कल्चर मोठ्या प्रमाणात घेतलं आणि बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) विरळ असला, तर तुम्ही वाढ मोजताय आणि तिला ॲक्टिव्हिटी म्हणताय.

दुसरी भर ट्रिस या नेहमीच्या बफरची. ट्रिस बफरचा पीएच तापमानाबरोबर घसरतो, दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०२८. एसी खोलीत २५ अंशांवर ८.० ला जुळवलेला ट्रिस ४० अंशांवर ७.६ च्या जवळ येतो. पिवळ्या रूपाचा वाटा ८८ टक्क्यांवरून ७३ वर, म्हणजे एन्झाइम तेच असताना रंग सुमारे एक षष्ठांशाने कमी. प्लेटची एक बाजू गरम ब्लॉकवर नीट टेकली नाही, किंवा निम्म्या प्लेट लाइट जाण्याआधी मोजल्या आणि निम्म्या नंतर, तर एवढ्यावरच 'हिट' तयार होतात आणि मावळतात.

उपाय महागडे नाहीत. ट्रिस ज्या तापमानाला वापरणार त्याच तापमानाला जुळवा, किंवा फॉस्फेट घ्या; त्याचा पीएच तापमानाने फारच थोडा हलतो. बफर १०० मिलिमोलर ठेवा, लायसेट (पेशी फोडून मिळालेला द्रव) १० ते २० मायक्रोलिटरच घ्या. एन्झाइमला चालत असेल तर पीएच ८ च्या वर जा, पण मग दुसरं संकट येतं: पॅरा-नायट्रोफेनिल ब्युटिरेट अल्कधर्मी आणि गरम बफरमध्ये एन्झाइमशिवायही तुटत राहतो. म्हणून प्रत्येक प्लेटवर रिकाम्या प्लाझमिडच्या (आपलं जीन न घातलेल्या डीएनए-वलयाच्या) पेशींचे दोन-तीन वेल हवेतच, आणि त्यांचा चढ सगळ्यांतून वजा व्हायला हवा. पीएच वाढवणं शक्य नसेल तर ३४८ नॅनोमीटरला वाचा. तिथे रेणूची दोन्ही रूपं सारखाच प्रकाश शोषतात, म्हणून पीएचचा प्रश्न राहत नाही. संवेदनशीलता कमी होते, लायसेटचा स्वतःचा शोषणांकही थोडा वाढतो, पण आकडा प्रामाणिक मिळतो.

मोजमाप सुधारलं, तरी हिट जातो

मग पेशीकडे वळा.

सगळ्यात साधं कारण म्हणजे एका टूथपिकवर दोन वसाहती येणं. प्लेट दाट असली की होतंच. त्याहून लपून राहणारं कारण असं की लायब्ररीचं डीएनए भरपूर टाकून ट्रान्सफॉर्मेशन (पेशींत डीएनए घालणं) केलं तर एकाच पेशीत दोन वेगळी प्लाझमिडं शिरू शकतात. पहिल्या दिवशी दोघांचा एकत्रित आकडा मिळतो, पुढच्या वाढीत एक मागे पडतं. सीक्वेन्सिंगच्या आलेखात एका जागी दोन शिखरं दिसली तर हेच समजा.

अँपिसिलिनच्या प्लेटवर मोठ्या वसाहतीभोवती बारीक दाण्यांसारख्या उपवसाहती येतात. प्रतिकारक पेशींनी सोडलेलं बीटा-लॅक्टमेज आजूबाजूचं अँपिसिलिन संपवतं आणि प्लाझमिड नसलेल्या पेशी तिथे वाढतात. प्लेट रात्रीपेक्षा जास्त ठेवू नका. कार्बेनिसिलिन परवडत असेल तर ते घ्या, ते जास्त टिकाऊ आहे.

कधी बदल जीनमध्ये नसतोच, पेशीच्या स्वतःच्या गुणसूत्रात झालेला असतो. जगण्या-मरण्यावर निवड करणाऱ्या प्रयोगांत हे फारच होतं, कारण पेशीला वाचायचे अनेक मार्ग असतात आणि तुमचं एन्झाइम त्यांतला एक. म्हणून माझा नियम: हिट क्लोनमधून प्लाझमिड काढा, ताज्या पेशींत पुन्हा घाला, आलेल्या चार स्वतंत्र वसाहती पेरेंटच्या चार स्वतंत्र वसाहतींशेजारी लावा. पेरेंटही त्याच दिवशी ट्रान्सफॉर्म केलेला असावा. महिनाभर जुन्या स्टॉकमधला पेरेंट आणि ताजा म्युटंट ही तुलनाच नव्हे. गुण प्लाझमिडबरोबर गेला तरच सीक्वेन्सिंगला पैसे घाला.

आणि क्लोन टिकला, तरी तो खरंच चांगलं एन्झाइम आहे की जास्त एन्झाइम बनवतोय, हे वेगळं पाहावं लागतं. ओडी ६०० ने (कल्चरच्या गढूळपणाच्या, म्हणजे पेशींच्या संख्येच्या आकड्याने) भागणं ही पहिली पायरी, पण ती वाढीचाच फरक काढते. विरघळलेलं प्रथिन किती आहे हे एसडीएस-पेजवर (प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलवर) पेरेंटशेजारी लावून बघा. गडद पट्टा आणि दीडपट ॲक्टिव्हिटी असेल तर सुधारलं ते घडी घालणं किंवा उत्पादन. कारखान्यासाठी तेही उपयोगाचं असेल, प्रबंधात मात्र केकॅट (एन्झाइमच्या एका रेणूचा कामाचा वेग) वाढला असं लिहू नका. शुद्ध करून मोजल्याशिवाय ते वाक्य लिहायचा हक्क मिळत नाही.

बीएल२१ डीई३ हा ई. कोलायचा स्ट्रेन वापरत असाल तर टी७ प्रमोटर (जीनचा स्विच) आयपीटीजीशिवायही थोडा गळतो. एन्झाइम पेशीला जड जाणारं असलं की ज्या क्लोननी उत्पादन बंद पाडलं तेच जोमाने वाढतात. ही गळती रोखायला रात्रीच्या कल्चरमध्ये १ टक्का ग्लुकोज घाला.

लायब्ररीवर संशय घ्यायचा तो आता

लायब्ररीची तब्येत बघायला वेगळा प्रयोग लागत नाही. एका प्लेटवरच्या सगळ्या म्युटंटचे आकडे उतरत्या क्रमाने लावा आणि आलेख काढा. एरर-प्रोन लायब्ररीत साधारण निम्म्याच्या आसपास क्लोन निकामी किंवा अगदी मंद दिसले तर म्युटेशनचा दर बरा आहे. जवळपास सगळे पेरेंटसारखेच असतील तर दोन शक्यता: म्युटेशन झालीच नाहीत, किंवा मूळ प्लाझमिड पाझरून आलंय. बदलांची सरासरी प्रति जीन एक असेल तर गणितानेच ३७ टक्के क्लोन कोरे (बदल नसलेले) निघतात, दोन असेल तर १३-१४ टक्के. त्याहून बरेच जास्त कोरे असतील तर डीपीएन-वनच्या (मूळ साचा कापून टाकणाऱ्या एन्झाइमच्या) पायरीकडे बघा. ते एन्झाइम मिथिलेशन झालेलाच जीएटीसी हा बेसक्रम कापतं, म्हणून साच्याचं प्लाझमिड डीएच५ अल्फासारख्या डॅम-धारी (हे मिथिलेशन करणाऱ्या) स्ट्रेनमधून काढलेलं असायला हवं. दहा क्लोन सीक्वेन्स करून दर मोजला की भांडण मिटतं.

नव्वद टक्के क्लोन मेलेले असतील तर मँगनीज कमी करा. हिट मिळत नाही म्हणून दर वाढवणं ही पहिली प्रतिक्रिया असते आणि बहुधा ती उलटते. एका चांगल्या बदलाबरोबर दोन वाईट बदल येऊन त्याला गाडून टाकतात.

एक मर्यादा एरर-प्रोन पीसीआरमध्ये मुळातच आहे. पीसीआरमधलं टॅक पॉलिमरेज ए आणि टी हे बेस जास्त बदलतं, आणि एका कोडॉनमधला (एका अमिनो आम्लासाठीच्या तीन बेसच्या गटातला) एकच बेस बदलला तर उरलेल्या १९ अमिनो आम्लांपैकी सरासरी पाच-सहाच हाती लागतात. सक्रिय जागेभोवतीच्या दोन-चार जागा माहीत असतील तर तिथे एनएनके प्रायमर (कोडॉनच्या पहिल्या दोन जागी कुठलाही बेस, तिसऱ्या जागी जी किंवा टी) घ्या: ३२ कोडॉन, वीसही अमिनो आम्लं, एकच स्टॉप (प्रथिन तिथेच थांबवणारा कोडॉन). ९५ टक्के व्याप्तीसाठी तिप्पट क्लोन लागतात, म्हणजे एका जागेला एक प्लेट पुरते. दोन जागा एकदम घेतल्या की १,०२४ जोड्या आणि सुमारे ३,००० क्लोन. हाताने प्लेट भरणाऱ्या लॅबने एका वेळी एक जागा घ्यावी, असं मी आग्रहाने सांगते.

हिट खरा, पण कामाचा नाही

हा या तक्रारीचा सख्खा भाऊ. ब्युटिरेटवर तिप्पट चालणारा लायपेज खऱ्या तेलावर पेरेंटइतकाच निघतो. या क्षेत्रातला जुना नियम आहे की जे तपासाल तेच मिळेल, आणि लहान साखळीचा, पाण्यात विरघळणारा, स्वतःहून तुटायला टेकलेला एस्टर तपासला तर एन्झाइम त्यातच पारंगत होणार. पहिली चाळणी रंगाची ठेवायला हरकत नाही, पण वरचे वीस-तीस क्लोन त्याच आठवड्यात खऱ्या सबस्ट्रेटवर, खऱ्या तापमानाला, खऱ्या सॉल्व्हंटमध्ये तपासा. तीन फेऱ्या झाल्यावर ही तपासणी केली तर उशीर झालेला असतो.

राहता राहिली साठवण. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा बडोद्याच्या बऱ्याच भागांत वीज नव्हती. एकदा वितळलेल्या कॉम्पिटंट सेल्स (डीएनए आत घेण्यासाठी तयार केलेल्या पेशी) पुन्हा गोठवून वापरल्या तर त्यांची क्षमता कित्येक पटींनी पडते, लाखाची लायब्ररी हजारावर येते, आणि ज्या वसाहती येतात त्या दिसायला मात्र नेहमीसारख्याच असतात. म्हणून वीज गेल्यानंतर आणि दर नव्या बॅचला ज्ञात प्रमाणातल्या प्लाझमिडने क्षमता मोजा आणि आकडा नळीवर लिहा. लायब्ररीचं प्लाझमिड डीएनए उणे वीसलाही टिकतं. त्याचा एक भाग दुसऱ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर ठेवा. आणि प्रत्येक फेरीच्या विजेत्याबरोबर त्या फेरीचा पेरेंटही त्याच डब्यात, त्याच तारखेने साठवा.